प्रवासात लॅपटॉप उघडण्याआधी : वाचकांची प्रश्नोत्तरे

‘स्वयंचलित’ हा एकच शब्द आज तीन निरनिराळ्या गाड्यांना लावला जातो आणि येणाऱ्या प्रश्नांतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘एसएई’ या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीनुसार स्तर २ ची गाडी स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक सांभाळते, पण रस्त्यावर नजर तुम्हीच ठेवायची असते. आपल्याकडच्या एडासच्या (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांच्या) गाड्या फार तर या स्तराच्या. स्तर ३ ची गाडी ठरावीक परिस्थितीत स्वतः जबाबदारी घेते, मात्र तिने हाक दिली की चालकाला हजर व्हावं लागतं. स्तर ४ ची टॅक्सी चालकाविना धावते, तिच्यात तुम्ही निव्वळ प्रवासी. आपली गाडी कोणती हे आधी ठरवा. पुढची सगळी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत एडास आहे. द्रुतगती मार्गावर ती लेन धरून नीट चालते. मुंबईला जाताना दोन-चार ईमेल लिहिले तर चालेल ना? स्टिअरिंगवर एक हात ठेवतो. (पुणे)

नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ईमेलची एक ओळ वाचायला पाच सेकंद लागले, तर तुम्ही १४० मीटर न बघता पुढे गेलात. तेवढ्यात पुढची गाडी झटकन लेन बदलते आणि तिच्यामागे दडलेला बंद पडलेला ट्रक समोर येतो. वेगात असताना उभं वाहन ओळखणं ही या यंत्रणांची जुनी कमजोरी आहे. पावसात कॅमेऱ्याला कमी दिसतं, पुसट झालेले पट्टे सापडत नाहीत, घाटातल्या वळणावर लेन सुटते. यंत्रणा अशा वेळी एक आवाज देऊन बाजूला होते, कधी तोही देत नाही.

‘आवाज आला की बघेन’ असं बरेचजण लिहितात. नजर वर यायला अर्धा सेकंद पुरतो. समोर काय चाललंय ते कळायला त्याहून बराच वेळ लागतो. त्यातच नुसतं लक्ष ठेवण्याच्या कामात माणूस मुळात कच्चा आहे. रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांसाठी मॅकवर्थ यांनी केलेल्या प्रयोगांत (१९४८) पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढलेल्या दिसल्या होत्या. गाडी जितकी सुरळीत चालते, तितकं लक्ष लवकर उडतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीखाली रस्ता ओलांडणारी एक महिला मरण पावली. देखरेखीसाठी बसलेली व्यक्ती त्या प्रवासात मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती. देखरेख हेच तिचं काम होतं, तरी हे घडलं.

स्टिअरिंगवरचा हात हा लक्ष असल्याचा पुरावा नव्हे. पुष्कळ गाड्या फक्त चाकावरचा हलका ताण मोजतात. त्यांना फसवायला वजनं आणि चिमटे विकणारे लोक आहेत. ती वस्तू घरात असेल तर आज फेकून द्या. शोरूममध्ये ‘गाडी स्वतः चालते’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला तेच वाक्य लेखी मागा, मिळणार नाही. वाहन चालवताना हातात धरून मोबाईल वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे आणि एडास चालू असलं तरी चालक तुम्हीच असता. ईमेल खरोखर तातडीचा असेल तर वाटेतल्या एखाद्या फूडमॉलवर थांबा, लिहा, पाठवा, मग निघा.

प्रश्न : ऑफिसला वेमोच्या बिनचालक टॅक्सीने जाते. लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत मळमळतं. स्वतः गाडी चालवताना असं कधीच होत नव्हतं. (सॅन फ्रान्सिस्को)

होणारच. याला आपण ‘गाडी लागणं’ म्हणतो. गाडी वळते, थांबते, चढ चढते ते आंतरकर्णाला कळतं. डोळ्यांना मात्र स्थिर पडदा दिसत असतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधीच ठाऊक असतं, मेंदू तयार असतो. तुम्ही चालक होतात, आता प्रवासी झालात आणि ती पूर्वसूचना गेली.

पुढच्या प्रवासी सीटवर बसा, वेमोत ते चालतं. डोकं हेडरेस्टला टेकलेलं ठेवा. लॅपटॉप मांडीवर नको. फोन वापरा आणि तो छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे नजरेच्या कडेला खिडकी राहील. अक्षर मोठं करा. चढउताराच्या आणि सिग्नलच्या रस्त्यांवर वाचन टाळा, ती वेळ ऐकायच्या कामाला द्या. सुरुवात पाच मिनिटांच्या वाचनाने करा, मग दोन-तीन मिनिटं दूर रस्त्याकडे बघा. आठवडाभर त्रास झाला नाही तरच वेळ वाढवा. अशी सवय अनेकांना लागते. बाहेरची हवा आत घ्या, रिकाम्या पोटी बसू नका आणि भरपेटही नको. आयफोनवर २०२४ पासून पडद्याच्या कडेला गाडीबरोबर हलणारे ठिपके दाखवण्याची सोय आहे; काहींना तिचा उपयोग होतो.

जांभया, तोंडाला पाणी सुटणं, थंड घाम यांतलं काहीही दिसलं की लगेच थांबा. ‘एवढं संपवते’ म्हणून रेटलंत तर उतरल्यावरही बराच वेळ वाया जातो. काहींना मळमळ होत नाही, नुसती सुस्ती येते आणि त्या दिवशीच्या कामात चुका होतात. तीही गाडी लागण्याचाच भाग आहे. पूर्वी अर्धशिशी झाली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, अशांना हा त्रास जास्त होतो.

प्रश्न : मळमळीसाठी मनगटाचे पट्टे आणि रंगीत पाण्याचे चष्मे मिळतात. घेऊ का? (नाशिक)

पट्ट्यांचा भरवशाचा पुरावा नाही. चष्म्याची जाहिरात पुराव्यापेक्षा बरीच पुढे गेली आहे. पैसे वाचवा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, माझ्याकडे आल्यापासून रोज टॅक्सीने फिरतात. भारतातून आणलेली, मळमळीवरची सिनारिझिनची गोळी रोज घेतात. (फीनिक्स)

अधूनमधून एखाद्या प्रवासाला ठीक, रोज महिनोन्‌महिने नाही. दीर्घकाळ घेतल्यास वयस्कर माणसांत हात थरथरणं, हालचाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. ती दिसत असतील तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट या मळमळीवरच्या इतर गोळ्यांनी गुंगी येते. त्वचेवर चिकटवायचा स्कोपोलामिनचा औषधी पट्टा काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय लावू नये. कोणतीही गुंगीची गोळी घेऊन स्तर २ किंवा ३ च्या गाडीत चालकाच्या जागी बसायचं नाही.

प्रश्न : माझ्या मर्सिडीजमध्ये ड्राइव्ह पायलट आहे. वाहतूक कोंडीत पंधरा मिनिटं डोळा लागला तर? (श्टुटगार्ट)

झोपायची परवानगी नाही. ही स्तर ३ ची यंत्रणा आहे. मान्यतेच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, तिची मर्यादा ताशी ६० किलोमीटर होती, नंतर ती ९५ झाली. ती चालू असताना गाडीच्या पडद्यावर काम करता येतं, पण बोलावल्यावर सुमारे दहा सेकंदांत ताबा घ्यावा लागतो. झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पंधरा ते तीस मिनिटं लागू शकतात. थकलेले असाल तर ट्रेनने जा. पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंग येत असेल, घोरणं असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : टॅक्सीत सीट पूर्ण मागे पाडून, लॅपटॉप पोटावर ठेवून काम करते. चालक नाही, मग काय हरकत? (लॉस एंजेलिस)

टक्कर चालक आहे की नाही हे बघत नाही. आडवं झालं की कमरेचा पट्टा ओटीपोटावर सरकतो, खांद्याचा पट्टा शरीरापासून सुटतो आणि धडकेत अंग पट्ट्याखालून पुढे घसरतं. आतड्यांना, यकृताला इजा होते. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि समोरचा लॅपटॉप छाती-चेहऱ्यावर फेकते. सीट सरळ ठेवा, पट्टा कमरेच्या हाडावर, पाय खाली. लॅपटॉप काम नसेल तेव्हा बॅगेत, बॅग पायाशी. गरोदर असाल तर पट्टा पोटाच्या खालून न्यायचा. तो कसा घ्यायचा हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला टॅबवर कार्टून लावलं की उलटी होते. (ठाणे)

टॅब बंद करा. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो.

प्रश्न : सहा महिन्यांपासून टॅक्सीतून उतरल्यावरही गरगरतं, उजव्या कानात शिट्टी वाजते, त्या कानाने कमी ऐकू येतं. मित्र म्हणतात, बिनचालक गाडीची सवय नाही म्हणून. (सनीव्हेल)

मित्रांचं ऐकून सहा महिने घालवलेत, आता एक दिवसही नको. गाडी लागण्याचा त्रास उतरल्यावर ओसरतो आणि तो एका कानाचं ऐकणं कमी करत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. लागल्यास ते एमआरआय सांगतील. तोवर स्वतः गाडी चालवू नका. ऐकू येणं एकाएकी गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरगरण्याबरोबर जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले किंवा हात-पाय लुळा पडला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता ९११ ला फोन करा.