कोरीव फलकांचं काम: कर्ज काढून मशीन घ्यावं की आधी शिकावं?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी कला शाखेतून पास झाली. इंटरमीजिएट ड्रॉइंगला तिला ए ग्रेड होती. सुट्टीत ती मामाच्या बोर्डांच्या दुकानात जायला लागली आणि आता हट्टच धरून बसली आहे, की ॲक्रिलिकची शीट रंगवून त्यावर मोठे कोरीव फलक करायचे, हेच काम करणार. मामा म्हणतात, कर्ज काढा आणि आठ बाय चार फुटी सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं मशीन, घेऊन टाका. आजी म्हणते, मुलीच्या जातीने मशीनवर कशाला उभं राहायचं, बी.ए. करू दे. काय करावं? – एक पालक, कराड

नमस्कार. अठराव्या वर्षी इतकं नेमकं सांगता येणारी मुलं माझ्याकडे फार कमी येतात, त्यामुळे तिला या कामापासून तोडू नका. पण मशीन मात्र यंदा घेऊ नका.

कारण सांगतो. राऊटर पैसे टाकले की घरी येतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाचे. देवनागरीचंच बघा. संगणकावर ‘कराड’ टाइप केलं की शिरोरेषा अखंड दिसते, पण बऱ्याच फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. ती फाइल तशीच मशीनला दिली तर बिट, म्हणजे मशीनचं फिरणारं कोरायचं पातं, त्या आतल्या रेषाही कोरतो आणि शिरोरेषेवर जागोजागी उभे चरे उमटतात. कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं आधी वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच बाह्यरेषा करून, घ्यावी लागतात. मग रफार आणि अनुस्वार यांच्यातली फट बिट जाईल एवढी आहे का, ‘ष’च्या पोटातली रेघ टिकेल का, हे एकेक अक्षर मोठं करून तपासायचं. इंटरमीजिएटला अक्षरलेखन केलेल्या मुलीला हे जितक्या चटकन दिसेल तितकं नुसत्या ऑपरेटरला दिसत नाही. तुमच्या लेकीचं खरं भांडवल हे आहे.

दुसरी बाजू मालाची. ॲक्रिलिक कास्ट (साच्यात ओतलेलं) आणि एक्स्ट्रुडेड (दाबून काढलेलं) अशा दोन प्रकारचं येतं. एक्स्ट्रुडेड स्वस्त, पण कोरताना लवकर वितळून बिटला चिकटतं. कोरीव कामाला कास्टच बरं. दुकानात एबीएस नावाच्या प्लास्टिकची दोन रंगांची शीटही मिळते. टेबलावरच्या नावाच्या पाटीला ती छान, पण उन्हात लावायच्या फलकाला नको, काही काळाने रंग उतरतो आणि ती ठिसूळ होते. म्हणून मोठ्या फलकाला ॲक्रिलिक आपणच रंगवून घ्यायचं. शीट साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करायची, स्प्रेने पातळ हात मारायचे, रंग पुरता वाळू द्यायचा, वर मास्किंग फिल्म चढवायची, फिल्मसकट कोरायचं, चरांत दुसरा रंग मारायचा आणि फिल्म सोलायची. वाळवण्यात घाई केली तर फिल्मबरोबर खालचा रंगही निघून येतो आणि अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. थिनर चुकीचा निवडला तर ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात. हे सगळं हाताने करूनच कळतं. कर्जाचा हप्ता चालू असताना शिकायची ही गोष्ट नव्हे. एक शीट वाया गेली की त्या कामातला नफा गेला.

काम टिकेल का, ही काळजी रास्त आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण भ्रमात राहू नका, यातला मोठा वाटा फ्लेक्स आणि एलईडीवाल्यांकडे जातो. कोरीव फलक मागतात ती रुग्णालयं, शाळा, सोसायट्या, कारखाने, आणि देणगीदारांची नावं कोरून लावणारी मंदिरं. गिऱ्हाईक कमी, पण एकदा काम आवडलं की टिकणारं. शिवाय छापील पाटी फिकी पडली की टाकावी लागते. कोरलेल्या चरांत पुन्हा रंग भरता येतो.

शिक्षणाचं म्हणाल तर आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड बघा. दोन वर्षांचा आहे, दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, पुढे ॲप्रेंटिसशिप करता येते. तिथे मापं घेणं, बिट फिरण्याचा वेग आणि तो पुढे सरकण्याचा वेग यांचा मेळ घालणं पक्कं होतं. प्लास्टिकवर बिट फार हळू सरकला तर तो कापायचा सोडून घासतो आणि माल वितळतो, ही गोष्ट तिला तिथे कारणासकट कळेल. संध्याकाळी मामांचं दुकान आहेच, तिथे अक्षरं आणि रंग. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे छोटे अभ्यासक्रमही असतात. उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची आहे, तिला सीईटी लागते. लेकीचा ओढा अक्षर घडवण्याकडे जास्त दिसला तर तोही उत्तम रस्ता आहे. बी.ए. करायचंच असेल तर बाहेरून करता येईल.

आजींना माझा नमस्कार सांगा. ५ मिमीची अख्खी शीट जवळजवळ १८ किलोची भरते, ती उचलायला दोन माणसं लागतातच, मग ते कोणीही असोत. काळजी करायची तर प्लास्टिकच्या धुळीची, थिनरच्या वाफांची आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाची करा. चांगला मास्क, चष्मा आणि कानाला संरक्षण यात कंजुषी नको. दुकानात लेझर मशीन असेल तर त्यावर पीव्हीसी कधीही कापू देऊ नका, त्यातून आम्लाची विषारी वाफ निघते.

दोन वर्षांनी मशीन घ्यायची वेळ आली की पीएमईजीपी, म्हणजे नवा उद्योग काढायला अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना, तेव्हा चालू आहे का ते बघून अर्ज करा. अर्जदाराचं वय अठरा पूर्ण लागतं, उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, आणि महिला अर्जदाराला शहरी भागात प्रकल्पखर्चाच्या २५ तर ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. विक्रेत्याकडे जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या आणि शीट व फाइल तुमचीच असू द्या. एकच अक्षर शीटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी कोरून घ्या, मग कॅलिपरने रेषेची रुंदी मोजा. ९० अंशांच्या व्ही-बिटने, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या टोकदार बिटने, कोरताना खोली अर्धा मिलिमीटर चुकली की रेषा एक मिलिमीटरने जाड किंवा बारीक होते. पाचही ठिकाणी माप जुळलं नाही तर टेबल सपाट नाही असं समजा आणि ते मशीन घेऊ नका.