हस्तलिखितातला राजा ओळखायचा कसा?

चेहऱ्यावर जाऊ नका, हे आधी सांगते. मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र हस्तलिखितांत बरेचसे राजे एकाच साच्यातले वाटतात. त्यापेक्षा ढाली आणि झेंडे बघा. लाल रंगावर तीन सोनेरी सिंह म्हणजे इंग्लंड, निळ्यावर सोनेरी लिली म्हणजे फ्रान्स. दोन्ही एकाच ढालीत दिसले तर बहुधा 1340 नंतरचा इंग्लंडचा राजा, कारण तेव्हा तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला होता. हातात हार्प (तारांचं वाद्य) असेल तर मात्र तो बायबलमधला डेव्हिड राजा असण्याची शक्यता जास्त.

सुरुवात ब्रिटिश लायब्ररीतल्या 1444-45 च्या श्रूझबरी ग्रंथापासून करा. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याच्याशी लग्न ठरलेल्या, फ्रान्समधल्या अंजूच्या मार्गारेटला श्रूझबरीचा इंग्लिश सरदार जॉन टॅल्बट याने तो भेट दिला. अर्पणाच्या चित्रात राजा-राणी हातात हात घेऊन बसलेत, टॅल्बट गुडघे टेकून ग्रंथ पुढे करतोय आणि त्याच्यामागे त्याच्या घराण्याचं चिन्ह असलेला पांढरा कुत्रा उभा आहे. समोरच्या पानावर लिलीच्या आकारात मांडलेली वंशावळ तर अप्रतिम! हेन्रीचा फ्रान्सवरचा हक्क पटवण्यासाठीच ती काढलीय. स्क्रीनवर पान मोठं करून एकेक राजा सावकाश बघा, अजिबात घाई करू नका.