वालाचा वेल उपटू नका, दिवस लहान होऊ द्या

ताई, ‘फूल येत नाही, वेल उपटून टाकू का?’ याला आधी थेट उत्तर देतो: वेल उपटू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी त्याला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की जूनच्या पहिल्या पावसात कोथरूडच्या गच्चीवर दोन बादल्यांत वाल लावले. आता गणपती जाऊन आठवडा झाला, वेल पार पाण्याच्या टाकीवर चढलाय, पानं तळहाताएवढी झालीत, पण फूल एक नाही. शेजारच्या काकूंचा श्रावण घेवडा मात्र ऑगस्टमध्येच खाऊन संपला. असं झालं की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. तुमचं एकच चुकलंय, ते पुढे सांगतो.

आपल्या गावठी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल धरायचं सुचतच नाही. खरं तर तो रात्रीची लांबी मोजतो. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र साधारण सारखे होतात आणि तिथून रात्र वाढायला लागते. तेव्हा कुठे वेल पानांचा नाद सोडतो. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी हे नीट उलगडून दाखवलं. त्यांना कोड्यात टाकलेल्या पिकांपैकी एक होतं सोयाबीन, म्हणजे आपल्या वालाचं चुलत भावंडच. पेरणी कित्येक आठवडे मागेपुढे केली तरी फुलं यायची साधारण एकाच सुमाराला. काकूंचा श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. ती मूळची अमेरिका खंडातली, जात वेगळी, आणि तिच्या झुडूपवजा वाणांना दिवसाच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नसतं. दोन महिन्यांत मोकळी होते. तेव्हा ती तुलना सोडून द्या.

तुमच्या मनात आहे ते मी पहिल्या वर्षी करून बसलो होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वैतागून वेल मुळापासून ओढला आणि गुंडाळून जिन्याने खाली नेत होतो. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा दिसलं, पानांच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढ्या कळ्यांचे तुरे आले होते. प्रत्येक बेचक्यात! परत नेऊन बादलीत खोचला, पण त्याला काय अर्थ होता? संध्याकाळपर्यंत मान टाकली त्याने.

तुमच्या फोटोत टाकीशेजारी दिवा दिसतोय. तो रात्रभर चालू असतो का? आमच्या सोसायटीने एका वर्षी गच्चीच्या दारावर एलईडी बसवला, तर त्याच्या उजेडातली फांदी बाकीच्या वेलापेक्षा तीन आठवडे उशिरा फुलली. वेलाला रात्र अखंड लागते. दिवा बंद करता येत नसेल तर त्या बाजूला एखादं जुनं गोणपाट लावा.

आता तुमची चूक. दर पंधरा दिवसांनी ओंजळभर गांडूळखत! वालाला एवढं खायला घालायची गरज नसते, तो आपला नत्र (नायट्रोजन) हवेतून आपणच कमावतो, आणि वरून जास्त मिळाला की नुसता पानांत रमतो. बादलीच्या कडेची माती बोटाने हलकेच उकरा. मुळांवर मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर हा नत्र कमावून देणारे रायझोबियम जिवाणू कामावर आहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक. माझ्या नातवाला हे दाखवलं तर तो म्हणाला, “झाडाला रक्त आलं!” आणि मग सगळी मुळं उकरायला निघाला, असो. गाठी पांढुरक्या किंवा हिरवट निघाल्या, किंवा मुळीच नसल्या, तर आयतं नत्र मिळतंय म्हणून वेलाने जिवाणूंना दारातच उभं केलंय असं समजा. खत आजपासून बंद. पाणी हात राखून. शेंडे खुडून टाका, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. फुलोऱ्याच्या दांड्यांवर काळा मावा येणार, तो चुकत नाही. सकाळी पाण्याची जोरदार पिचकारी मारायची, दोन-तीन दिवस लागोपाठ. ठिपक्यांचे लाल किडे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात.

पुढच्या वर्षी सरळ ऑगस्टमध्ये लावा. शेंगा जवळपास जूनच्या वेलाच्याच सुमाराला मिळतील आणि वेल टाकी गिळणार नाही. एवढा धीर नसेल तर ‘अर्का जय’, ‘अर्का विजय’ किंवा दापोलीचा ‘कोकण भूषण’ अशा बुटक्या जाती आहेत, त्या दिवसाची लांबी बघत बसत नाहीत. मला मात्र वेलच आवडतो.

तुम्ही शेवटी विचारलंय, एवढा खटाटोप करून मिळणार पाव-अर्धा किलो शेंगा, त्यापेक्षा मंडईतून आणलेल्या काय वाईट? पैशाच्या हिशेबात मंडईच जिंकते. पण मंडईत तुम्हाला घेवडा, म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा मिळतात, पावटे, म्हणजे ओले दाणे मिळतात, कडधान्याच्या दुकानात वाळलेले वाल मिळतात. एकाच वेलावर हे तिन्ही लगडलेले फक्त घरी बघायला मिळतं. नोव्हेंबरात कोवळ्या शेंगा. शिरा काढायच्या आणि हातानेच मोडायच्या, लसूण-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट, बास. डिसेंबरात शेंगा दाण्यांनी फुगतात, तेव्हा पावटे सोलून वांग्यात किंवा भातात घालायचे. त्यात एक मधली अवस्था असते, दाणा भरलाय पण साल अजून कोवळी. ती आठवडाभरच टिकते आणि बाजारात सहसा दिसत नाही. अशा शेंगा अख्ख्याच मिठाच्या पाण्यात उकडून पुढ्यात घेऊन बसायचं. भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी असते, तिच्यात आमच्याकडे पावटे गच्चीवरचेच पडतात. जूनपासून तंगवणारा वेल नेमका जानेवारीत भरात असतो, त्यामुळे रुसवा निघून जातो.

उरलेल्या शेंगा वेलावर खडखडीत वाळू द्या. त्यांच्या डाळिंब्या करायच्या. वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे. थंडीत मोड यायला दीड-दोन दिवस लागतात. मग कोमट पाण्यात पाच मिनिटं टाकायचे आणि अंगठा-तर्जनीत धरून मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटा काढायचा. साल हातात राहते आणि दाणा पळतो, पार ओट्याखाली. आमच्याकडे हे सोलण्याचं काम माझं. वाटीभर वालांना अर्धा तास धरा, आणि तेवढ्यात फोन आला तर घेता येत नाही, हाच मोठा फायदा.

फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. डाळिंब्या घालून हलक्या हाताने परतायच्या, पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेवायचं आणि तेच तापलेलं पाणी आत ओतायचं. आमसूल आणि गूळ दाणा शिजल्यावरच. आंबट आधी घातलं की दाणा दडस राहतो. मग गोडा मसाला, ओलं खोबरं, कोथिंबीर. डाव जपून फिरवायचा, दाणा अख्खा राहिला तरच ती डाळिंबी. कुकर लावलात तर वरण होईल, मग मला बोलू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र ठामपणे सांगतो. कोरेगावहून आणलेला वाघ्या घेवडा मोड आणून कच्चाच कोशिंबिरीत घालायचा विचार सोडून द्या. साताऱ्याच्या त्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि चवीला तो उत्तमच आहे, पण शेवटी तो राजम्याचाच भाऊ. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मग पुढचं काय ते करा. मंद आचेवर नुसता कोमट करत ठेवणं सगळ्यात वाईट. वालही कच्चे खाऊ नका.

बियाण्यासाठी सगळ्यात आधी धरलेल्या, भरदार शेंगा वेगळ्या बांधून ठेवा. वाल बहुतेक स्वतःच्याच परागांवर फळतो, त्यामुळे बी सहसा आईवर जातं. वाळलेलं बी चाळलेल्या राखेत घोळून डब्यात ठेवलं तर भुंगा लागत नाही. माझ्याकडे जांभळ्या कडेच्या शेंगांचं बी आहे, तुमच्यासाठी मूठभर बाजूला काढून ठेवतो. पण ते नारळी पौर्णिमेच्या आधी देणार नाही, नाहीतर तुम्ही परत जूनमध्येच लावाल.