मारित ब्योर्गेनची कारकीर्द इतकी थोर का मानली जाते?

आपण विचारले आहे की, मारित ब्योर्गेन या नॉर्वेच्या क्रॉस-कंट्री स्कीपटूला अनेक जण सर्वश्रेष्ठ म्हणतात ते केवळ हिवाळी ऑलिंपिकमधल्या १५ पदकांमुळे, की तिच्या कारकिर्दीत त्याखेरीजही काही आहे. माझ्या मते पदकांची बेरीज हा तिच्या बाजूचा सर्वात लंगडा पुरावा आहे. तिचे मोठेपण कळायचे असेल तर २००६ ते २००९ या वर्षांतली तिची पडझड आणि त्यानंतर तिने काय केले, हे पाहावे लागते. नोकरीनिमित्त नॉर्वेतल्या ट्रोनहाइम शहरात राहत असल्यामुळे हा खेळ रोजच्या बोलण्यात कानावर पडतो, आणि ब्योर्गेन तर याच भागातली. त्यामुळे माझे मत थोडे तिच्याकडे झुकलेले असेल, एवढे आधीच सांगतो.

तिचा जन्म २१ मार्च १९८० चा. ट्रोनहाइमच्या दक्षिणेला गाउल नदीच्या खोऱ्यात रोग्नेस नावाचे छोटे गाव आहे, तिथल्या शेतकरी कुटुंबात ती वाढली. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये रिले संघात तिला रौप्यपदक मिळाले, आणि २००३ मध्ये इटलीतल्या वाल दि फिएमे येथे ती स्प्रिंटची विश्वविजेती झाली. स्प्रिंट म्हणजे जेमतेम दीड किलोमीटरची, एका दिवसात अनेक फेऱ्यांत होणारी शर्यत. त्या काळात तिची ओळख अशाच छोट्या, झटापटीच्या शर्यतींची खेळाडू म्हणून होती. २००५ मध्ये ओबर्स्टडॉर्फच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत तिने तीन सुवर्णपदके घेतली, त्यात एक ३० किलोमीटरचे होते, आणि २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे विश्वचषकाचे (म्हणजे हंगामभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेचे) एकूण विजेतेपदही तिच्याकडेच होते. म्हणजे २००६ च्या तुरिन ऑलिंपिकला ती गेली ती सर्वांची हुकमी विजेती म्हणून. तिथे आजारपणाने गाठले आणि हाती लागले ते १० किलोमीटरचे एक रौप्य.

यानंतरचा काळ तिच्यावरच्या गौरवपर लेखांत बहुधा दोन ओळींत उरकला जातो. २००७ मध्ये ती घसरली, २००८ मध्ये सावरली नाही, आणि २००९ च्या लिबेरेट्स विश्व अजिंक्यपद स्पर्धेतून ती एकही पदक न घेता परतली. वय २९ च्या आसपास, ऑलिंपिकच्या दोन स्पर्धा होऊन गेलेल्या, आणि सुवर्ण एकही नाही. त्या घडीला ती थांबली असती, तर आज तिची नोंद गुणी पण ऐन वेळी कमी पडलेली खेळाडू अशी झाली असती. ऑलिंपिकमधली तिची आठही सुवर्णपदके आणि विश्व अजिंक्यपदाच्या १८ पैकी १४ सुवर्णपदके या पडझडीनंतरची आहेत. पदकांच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही, कारण तक्ता वर्षे वेगळी काढून दाखवत नाही.

मग बदलले काय? याचे उत्तर सुदैवाने कागदावर उपलब्ध आहे. ब्योर्गेनने वर्षानुवर्षे सरावाची दैनंदिनी ठेवली होती आणि नॉर्वेच्या क्रीडा संशोधकांनी तिच्या १७ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वयाच्या विसाव्या वर्षी ती वर्षाला सुमारे ५२२ तास सराव करीत होती. सर्वात यशस्वी वर्षांत हा आकडा सुमारे ९४० तासांवर गेला. सुट्टी, प्रवास, आजारपण सगळे धरूनही दिवसाला सरासरी अडीच तासांहून अधिक. त्याहून लक्षणीय म्हणजे या सरावाचा पोत: त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग दमसासाचा होता आणि त्या दमसासाच्या सरावातलाही सुमारे ९२ टक्के भाग कमी तीव्रतेचा, म्हणजे शेजाऱ्याशी बोलत बोलत करता येईल इतक्या संथ गतीचा होता. जिवाच्या आकांताने धापा टाकत केलेला सराव अगदी थोडा, पण तो नेमका आणि ठरवून केलेला. आपल्याकडे सराव म्हणजे घाम गाळणे अशी जी समजूत आहे, तिच्या शेजारी हे आकडे ठेवून पाहण्यासारखे आहेत. असा सराव एका हंगामात फळत नाही. तो शरीरात मुरायला अनेक वर्षे लागतात, आणि मधल्या वाईट वर्षांत त्यावरचा विश्वास टिकवणे हेच बहुतेकांना जमत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या दंडांची आणि खांद्यांची, पण ती समजण्यासाठी खेळाचे तंत्र थोडे सांगावे लागेल. क्रॉस-कंट्रीत दोन शैली असतात. मुक्त शैलीत स्केटिंगसारखे पाय बाजूला ढकलत जातात. पारंपरिक शैलीत यंत्राने बर्फात पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतून स्की सरळ पुढे जाते. ही स्की धनुष्यासारखी मध्यभागी किंचित वर उचललेली असते आणि पावलाखालच्या त्या भागाला पकडीचे मेण लावलेले असते. एका पायावर पूर्ण भार दिला की तो भाग बर्फाला टेकतो, मेण पकड घेते आणि पुढे रेटा देता येतो. भार हलका केला की तो भाग सुटतो आणि स्की घसरू लागते. मेण बर्फाच्या तापमानाशी जुळले नाही, तर एक तर चढावर पाय मागे सरकतात, नाही तर बर्फ स्कीला चिकटून बसते. याला पर्याय म्हणजे दोन्ही काठ्या एकदम रोवून केवळ वरच्या शरीराच्या जोरावर स्वतःला पुढे ओढणे. ब्योर्गेनने ताकदीच्या सरावाने वरचे शरीर असे कमावले होते की, इतर स्पर्धक पाय वापरू लागत त्या सौम्य चढावर ती अजून काठ्यांवरच असे. शेवटच्या सरळ पट्ट्यातही तिची खरी मदार याच जोरावर असे.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये हे सारे एकत्र आले. स्की शर्यती व्हिसलर येथे झाल्या. १७ फेब्रुवारीला पारंपरिक शैलीच्या स्प्रिंटमध्ये तिने आयुष्यातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. (त्याच शर्यतीत स्लोव्हेनियाच्या पेत्रा मायदिचने त्या दिवशी सकाळी सरावात घळीत पडून बरगड्या मोडलेल्या असताना कांस्य मिळवले; माझ्या लेखी ते पदक त्या संपूर्ण स्पर्धेतले सर्वात अविश्वसनीय.) पुढे १५ किलोमीटर परस्यूट (अर्धे अंतर पारंपरिक आणि अर्धे मुक्त शैलीत) आणि रिले ही दोन सुवर्णपदकेही ब्योर्गेनला मिळाली. पण मला तिची मोठी वाटते ती हरलेली ३० किलोमीटरची शर्यत. जवळपास दीड तास चाललेल्या त्या शर्यतीत पोलंडची युस्टिना कोवाल्चिक आणि ती अंतिम रेषेवर खांद्याला खांदा लावून आल्या, आणि कोवाल्चिक ०.३ सेकंदांनी जिंकली. एकेकाळची स्प्रिंटची खेळाडू सर्वात लांब शर्यतीत तेवढ्या फरकाने हरते, यातच तिचा पालट दिसतो.

याच स्पर्धेत कोवाल्चिकने ब्योर्गेनच्या दम्याच्या औषधावर जाहीर आक्षेप घेतला, आणि तो टाळून हे उत्तर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्योर्गेनला त्या औषधासाठी वैद्यकीय परवानगी होती आणि उत्तेजक सेवनासाठी तिच्यावर कधीही कारवाई झाली नाही. थंड कोरड्या हवेत अनेक वर्षे जोराने श्वास घेतल्यामुळे स्कीपटूंमध्ये दम्याचे प्रमाण जास्त असते, हेही खरे. तरीही २०१६ मध्ये नॉर्वेचेच मार्टिन सुंडबी (दम्याच्या औषधाची मात्रा) आणि तेरेसे योहाउग (ओठांच्या मलमातील बंदी असलेला घटक) यांच्यावर कारवाई झाल्यावर नॉर्वेच्या संघातल्या औषधांच्या वापराबद्दल प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणे योग्यच होते. दोन्ही बाबी एकाच वेळी मनात ठेवाव्यात असे मला वाटते.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पुन्हा तीन सुवर्णपदके आली, त्यातले शेवटचे ३० किलोमीटरचे. रिलेत मात्र नॉर्वेचा संघ पाचवा आला, कारण त्या दिवशी स्की नीट चाललीच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तिला मुलगा झाला आणि चौदा महिन्यांनी फिनलंडमधल्या लाहती येथे तिने विश्व अजिंक्यपदाची चार सुवर्णपदके जिंकली, तीही जवळपास ३७ व्या वर्षी. बाळंतपणानंतर पुनरागमन केलेल्या खेळाडू आधीही होत्या, पण परतल्यावर पहिल्याच मोठ्या स्पर्धेत इतके वर्चस्व दाखवणारे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

२५ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातल्या प्यॉन्गचांग ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरची शर्यत झाली. ब्योर्गेनने फिनलंडच्या क्रिस्टा पार्माकोस्कीला १ मिनिट ४९.५ सेकंदांनी मागे टाकले. आठ वर्षांपूर्वी याच पारंपरिक शैलीत, याच अंतरावर ती ०.३ सेकंदांनी हरली होती. त्या सुवर्णामुळे नॉर्वे आणि जर्मनी यांची सुवर्णपदके १४-१४ अशी बरोबरीत आली आणि जास्त रौप्यपदकांच्या बळावर नॉर्वे तक्त्यात पहिला ठरला. एप्रिलमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा विश्वचषकातले ११४ विजय आणि चार एकूण विजेतेपदे तिच्या नावावर होती.

आता तुलनेबद्दल. ब्योर्गेनची १५ पदके पाच ऑलिंपिकमधली आहेत. नॉर्वेचाच स्कीपटू ब्योर्न डेली याची १२ पदके, ज्यात आठ सुवर्ण आहेत, केवळ तीन ऑलिंपिकमधली. शिवाय डेलीच्या काळात स्प्रिंट नव्हती. रशियाच्या ल्युबोव येगोरोव्हाने १९९२ आणि १९९४ या दोनच स्पर्धांत सहा सुवर्णपदके घेतली. म्हणून नुसती पदके मोजायची तर ब्योर्गेनचा दावा वाद घालण्याजोगा आहे, आणि डेलीला वर ठेवणाऱ्याशी मी भांडणार नाही. स्प्रिंटपासून ३० किलोमीटरपर्यंत, दोन्ही शैलींत आणि वयाच्या २२ पासून ३७ पर्यंत जिंकत राहण्याची गोष्ट निघाली, तर मात्र तिच्या जवळ जाणारे नाव मला सापडत नाही. तिच्या शर्यतींची चित्रफीत पाहायची असेल, तर आधी व्हँकुव्हरची ३० किलोमीटरची शर्यत पाहा आणि मग प्यॉन्गचांगची. शेवटची दहा मिनिटे पाहिली तरी चालेल.