‘बरं आहे’ या उत्तरापाशी थांबू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सर्जिकल वॉर्डातल्या पहिल्याच महिन्यात तुला जो प्रश्न पडला, तो मला फार उशिरा पडला होता. रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो, पण त्याचा चेहरा आक्रसलेला दिसतो. मग नोंद कशाची करायची, असे तू विचारतेस.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना मी रात्रभर येता-जाता ‘आजी, बरं आहे ना?’ असे विचारत राहिले. त्यांनी दर वेळी मान डोलावली आणि मी ‘वेदना नाही’ असे लिहून ठेवले. प्रत्यक्षात टाके ओढले जातील या धास्तीने त्या वरवर श्वास घेत होत्या, खोकला दाबून धरत होत्या, कूसही बदलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि न्यूमोनियाचे निदान झाले. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, परंतु माझ्या प्रश्नातच उत्तर भरलेले होते, ही चूक मी विसरलेले नाही.

म्हणून ‘दुखत नाही ना?’ असे कधीही विचारू नकोस. ‘आत्ता कुठे दुखते आहे? खोकताना, उठून बसताना किती दुखते?’ असे विचार. स्वस्थ पडलेल्या माणसाची वेदना आणि त्याच्या हालचालीतली वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यूमोनिया किंवा पायात रक्ताची गुठळी टाळायची तर त्याने हालचाल केलीच पाहिजे. वेदना शून्य (मुळीच नाही) ते दहा (असह्य) अशा अंकांत सांगणे ज्यांना उमगत नाही, त्यांना ‘थोडे, मध्यम, खूप, असह्य’ असे पर्याय दे. लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखव. बोलता न येणाऱ्या बाळाचा चेहरा, पायांची हालचाल, अस्वस्थता, रडणे आणि जवळ घेतल्यावर ते शांत होते की नाही, हे पाहून गुण दे. वेदना किती आहे हे ती सोसणाराच सांगू शकतो. तो हसत बोलतो म्हणून त्याचा अंक आपण मनाने कमी करू नये.

अंकाइतकेच त्याच्या शब्दाकडे लक्ष दे, कारण आपली भाषा याबाबतीत फार श्रीमंत आहे. जखम ठसठसते किंवा ठणकते असे कोणी म्हणाले, तर पट्टीखाली पू तर धरला नाही ना, हे पाहावे. कळ येऊन ओसरते आणि पुन्हा येते, ही बहुधा आतड्याची किंवा मूतखड्याची तऱ्हा असते. आग होणे, मुंग्या येणे, चमक निघणे हे शब्द मज्जातंतूकडे बोट दाखवतात, आणि अशा वेदनेला नेहमीची गोळी पुष्कळदा पुरत नाही. छाती भरून आली, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, असे कानावर पडताच हातातले काम सोडून डॉक्टरांना बोलाव आणि ईसीजीची तयारी कर. रुग्णाचा शब्द कागदावर जसाच्या तसा उतरव. आपल्या पुस्तकी शब्दात त्याचे भाषांतर करू नकोस.

औषध दिले म्हणजे काम संपले, असे समजू नकोस. शिरेतून दिले असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी, तोंडाने दिले असेल तर साधारण तासाभराने परत जा आणि तोच प्रश्न विचार. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाला घाबरून रुग्णाला तळमळत ठेवू नये. मात्र रुग्णाची गुंगी आणि श्वासांची गती नेमाने पाहावी आणि बद्धकोष्ठतेवरचे औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे ना, याची डॉक्टरांकडे खात्री करावी. प्लास्टरमधला पाय औषधानंतरही अधिकाधिक दुखू लागला आणि बोटे हलवताच रुग्ण कळवळला, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता तत्काळ कळव.

औषधाचा अंमल चढेपर्यंत तुझे हात बरेच काही करू शकतात. खोकताना पोटावर घट्ट धरायला उशी दे, गुडघ्यांखाली आधार दे, कोरडे ओठ ओले कर, डोळ्यांवर येणारा दिवा मालव. अस्वस्थ रुग्णाचे मूत्राशय भरलेले नाही ना, हे तर हटकून पाहा; ही साधी गोष्ट अनेकदा सुटते.

आरोग्यशिक्षणाचे तू शेवटी ओझरते विचारले आहेस. कळा सोसणाऱ्या माणसाच्या कानात उपदेश शिरत नाही. आधी त्याचे दुखणे उतरू दे, मग बोल. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र उलटी आहे: त्याला दुखतच नाही, म्हणून काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अनवाणी फिरू नये, पाय रोज तळव्यापर्यंत पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे, आणि पाण्याचा ऊनपणा पायाने नव्हे, कोपराने जोखावा, हे त्याला समजावून दे. नंतर ‘समजले का?’ असे न विचारता ‘घरी गेल्यावर पायांचे काय काय करणार, ते मला सांगा’ असे म्हण, आणि तो जिथे अडखळेल तिथून पुन्हा सुरुवात कर.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर