चोरदरवाजा कुठल्या पानावर?

वाचकांचे प्रश्न : टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम

प्रश्न (म्हापसा) : आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो (प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची). मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा. सव्वादोनशे पानांचं विकतचं अ‍ॅडव्हेंचर (तयार कथानकाचं पुस्तक) दोनदा वाचलं, तरी खेळ सुरू झाला की हवं ते सापडत नाही. मी पानं उलटतोय तोवर बाकीचे मोबाइल काढतात. माझीच तयारी कमी पडते का?

उत्तर : तयारी भरपूर आहे, पण भलत्याच कामाची. अशी पुस्तकं पहिल्या पानापासून ओळीने वाचली जातील असं धरून लिहिलेली असतात. तुम्हाला मात्र ती मध्येच कुठेतरी उघडावी लागतात, तेही चौघं तोंडाकडे बघत असताना. तेव्हा तिसऱ्यांदा वाचू नका. पुढच्या बैठकीत गट कुठवर पोचेल याचा अंदाज घ्या (तीन तासांना आठ खोल्या धरल्या तरी पुरे) आणि तेवढ्याच भागाच्या नकाशाची ए4 वर मोठी झेरॉक्स काढा. मग प्रत्येक खोलीच्या चौकटीतच पेन्सिलीने लिहा : आत कोण, आत्ता काय करतोय, पुस्तकातलं पान कितवं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो राक्षसांचे आकडे शोधण्यात. 2014 च्या नियमांवर बेतलेल्या अधिकृत पुस्तकांत प्राण्याचं नाव ठळक छापलं असेल, तर त्याचा अर्थ 'आकडे परिशिष्टात किंवा मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या वेगळ्या पुस्तकात) बघा'. म्हणजे एका गॉब्लिनसाठी दोन पुस्तकं उघडी. वास्तविक मारामारीला लागतं ते एवढंच : 'गॉब्लिन 4. एसी 15, एचपी 7. तलवार किंवा धनुष्य +4, नुकसान 1डी6+2. बोनस अ‍ॅक्शनमध्ये लपतो किंवा निसटतो. पॅसिव्ह पर्सेप्शन 9.' (एसी म्हणजे वार लागायला फाशावर किती हवेत, एचपी म्हणजे जीव किती, +4 म्हणजे वार करताना फाशात मिळवायचे; 1डी6+2 म्हणजे सहा बाजूंचा एक फासा आणि वर 2. बोनस अ‍ॅक्शन म्हणजे आपल्या पाळीतली जादा छोटी कृती, पॅसिव्ह पर्सेप्शन म्हणजे मुद्दाम न बघता किती लक्षात येतं.) हे नकाशाच्या समासात मावतं. शेजारी चार गॉब्लिनांसाठी चार रिकामे चौकोन काढून ठेवा, एचपी तिथेच खोडत जाता येईल.

यापेक्षा वाईट खोड आहे ती दरवाजांची. खोली 4 आणि खोली 9 यांच्यामध्ये चोरदरवाजा आहे, पण त्याची हकिकत फक्त 9 च्या मजकुरात. गट येतो 4 मधून, भिंती ठोकून बघतो, तुम्ही 4 चा मजकूर वाचून 'काही नाही' म्हणता. तासाभराने 9 मध्ये पोचल्यावर उलगडा होतो, तेव्हा बोललेलं मागे घेता येत नाही. म्हणून नकाशा तपासताना खोल्यांच्या क्रमाने जाऊ नका, दरवाजांच्या क्रमाने जा. प्रत्येक दाराला दोन बाजू, दोन्हीकडे खूण. आवाजाचंही तेच. 5 मध्ये तलवारी खणखणल्या तर 6 मधले पहारेकरी धावून येतात, हे वाक्य सहसा 6 च्या शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं, म्हणजे जेव्हा लागतं तेव्हा तुम्ही त्या पानावर नसताच. नकाशावर 6 कडून 5 कडे बाण काढा, त्यावर 'आवाज, 2 राउंडांत' (म्हणजे लढाईच्या दोन फेऱ्यांत) लिहा.

जुन्या लोकांना यातलं बरंच कळत होतं. हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीची 1978 पासूनची पातळ मॉड्यूल्स (अ‍ॅडव्हेंचरच्या पुस्तिका) बघा : कव्हर सुटं, नकाशा त्याच्या आतल्या बाजूला छापलेला. कव्हर समोर उभं केलं की खेळणाऱ्यांपुढे पडदा, डीएमपुढे नकाशा आणि हातात मजकूर. जाड बाइंडिंगची पुस्तकं आली आणि ही सोय गेली, ती झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आपली आपण परत मिळवायची.

प्रश्न (फोंडा) : पीडीएफमधला एक इंची चौकोनांचा नकाशा ए4 वर छापला. चौकोन लहान येतात, कागद जोडले की रेषा जुळत नाहीत. प्रिंटर बिघडला का?

उत्तर : प्रिंटर ठीक आहे. अमेरिकेतली पीडीएफ बहुधा लेटर कागदासाठी असते, 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए4 210 बाय 297. छापताना सेटिंग 'फिट' ठेवलं की छपाई सुमारे 97 टक्के होते, इंचाचा चौकोन 25.4 ऐवजी 24.7 मिलिमीटर येतो. दहा चौकोनांत 7 मिलिमीटरची खोट. 'अ‍ॅक्चुअल साइझ' किंवा 100 टक्के निवडा. डावी-उजवीकडून तीन-तीन मिलिमीटर कापले जातील, पण तो बहुतेकदा कोरा समास असतो. दुकानदाराला आधी एकच पान काढायला सांगा आणि दहा चौकोन पट्टीने मोजा, 25.4 सेंटिमीटर भरले पाहिजेत.

पावसाळ्यात लेझर प्रिंट घ्या. बऱ्याच इंकजेटची शाई ओल्या ग्लासाखाली पसरते, लेझरचा टोनर कागदावर वितळून बसलेला असतो, तो टिकतो. कागद दमट हवेने वाकडा होतो तो होतोच. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

प्रश्न (डिचोली) : चौकटीतला मोठ्याने वाचायचा मजकूर इंग्रजीत, आमचा खेळ मराठीत. सगळं भाषांतर करून ठेवावं का?

उत्तर : नको. आठ-दहा ओळी वाचून दाखवल्या की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, भाषा कुठलीही असो. चौकटीतून तीनच गोष्टी उचला : आधी डोळ्यांत काय भरतं, कानाला किंवा नाकाला काय जाणवतं, आणि हलतंय काय. हलणारी गोष्ट शेवटी सांगा, म्हणजे समोरचे लगेच काहीतरी करायला उठतात. 'तुम्ही थबकता, घाबरता' असली वाक्यं गाळा. घाबरायचं की नाही ते खेळणाऱ्याने ठरवायचं. चौकटीबाहेरचा मजकूर मात्र आधी शेवटापर्यंत वाचा. खोलीच्या मधोमध उभा असलेला ओग्र (धिप्पाड राक्षस) चौथ्या परिच्छेदात उगवतो, असं छापील पुस्तकांत सर्रास होतं.

एक नेहमीची चूक : 'टेन-फूट-स्क्वेअर' म्हणजे 10 बाय 10 फूट. त्याचं 'दहा चौरस फूट' केलंत तर खोलीचं माजघरातलं फडताळ होतं.

प्रश्न (मडगाव) : आग्वादसारख्या किल्ल्यावर स्वतःचं अ‍ॅडव्हेंचर मराठीत लिहितोय. इतिहासाचीच चार पानं झाली. ए5 पुस्तिका काढायची आहे. मांडणी कशी करावी?

उत्तर : ती चार पानं अर्ध्यावर आणा, मग पुन्हा अर्ध्यावर. किल्ला 1612 चा, हे खेळणाऱ्याला कळायचं असेल तर दाराच्या जांभ्या दगडावर साल कोरलेलं दाखवा. आग्वाद हे नाव पाण्यावरून पडलं, पोर्तुगीज जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत. मग टाकीलाच सगळ्या भानगडीचं मूळ करा, इतिहास आपोआप खेळात येईल.

आता कागद. पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात : 16 पानं म्हणजे ए4 चे 4 कागद, मध्ये दुमडून दोन पिना. वरचा किल्ला एका जोडपानावर, खालचा दुसऱ्यावर. जोडपान डावीकडच्या सम पानावर सुरू होतं आणि उजवीकडच्या विषम पानावर संपतं, हे पीडीएफवर काम करताना विसरायला होतं, कारण पडद्यावर पानं सुटी दिसतात. नकाशा 8 आणि 9 वर टाका. सलग कागद तेवढाच असतो. बाकी ठिकाणी दोन अर्धे दोन वेगळ्या कागदांवर येतात आणि रेषा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतात. शिवाय पिना उचकटल्या की मधला नकाशा सुटा होऊन हातात येतो.

खोलीची नोंद अशी लिहा :

7. टाकी. पाणी : काळं, स्थिर, कमरेएवढं. पायऱ्या : शेवाळलेल्या, पळाल्यास डीसी 12 डेक्स्टेरिटी, चुकल्यास पाण्यात. तिसरा खांब : मागे दोर बांधलेला, टोक पाण्याखाली. दोर ओढला : पेटी वर येते, 8 मधला पहारेकरी जागा होतो.

पहिला शब्द ठळक, कोलननंतर तपशील. (डीसी 12 डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाईसाठी फासा टाकून 12 किंवा जास्त यायला हवेत.) खेळणारा 'मी पायऱ्या बघतो' म्हणाला की नजर थेट तिथे पडते. 8 मध्येही 'टाकीतला दोर ओढला की जागा होतो' हे पुन्हा लिहा. निबंधात पुनरुक्ती दोष असेल, इथे ती हवीच.

ए4 वर मांडून ए5 वर छापू नका. छपाई 71 टक्के होते, 10 पॉइंटचं अक्षर 7 चं होतं आणि जोडाक्षरांचा चिखल होतो. सुरुवातच ए5 वर करा, अक्षर 10 पॉइंट, ओळींत ऐसपैस जागा, कारण वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. करड्या रंगाच्या चौकटी टाळा, झेरॉक्सवर त्या काळ्या पडतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या एका दिव्यात पान वाचता येतं का, तेही बघा.

छापण्याआधी ज्याने ते वाचलेलं नाही अशा कुणाला तरी डीएम बसवा. तुम्ही शेजारी गप्प बसा आणि तो मागचं पान शोधायला लागला की तिथे टिंब द्या. एकाच जागी दोन टिंबं आली तर तो मजकूर हलवा. पहिल्या खेपेला पाचच प्रती काढा. पहिल्या खेळानंतर खोल्यांचे नंबर बदलतातच.