सिंथच्या क्रमवारीत पहिला कोण आणि तुमच्या कामाचा कोणता?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत: सॉफ्टवेअर सिंथच्या, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यांच्या, लोकप्रियतेच्या याद्या. कोण पहिला, कोण दहावा, आणि त्यावरून आपण काय घ्यायचं. निवडक प्रश्न एकेक करून घेतो.

प्रश्न: सर, मी जुळे सोलापूरला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एफएल स्टुडिओवर ट्रॅक करतो. बघेल त्या यादीत सिरम वरच्या दोन-तीन नंबरांत असतो. मग बाकीचे शिकायचे कशाला? आणि या याद्या ठरतात तरी कशा?

दोन तऱ्हेने ठरतात. एक म्हणजे मतदान आणि दुसरी म्हणजे दुकानातली विक्री. मतदानात माणूस ज्याला ओळखतो त्यालाच मत देतो. ज्यानं आयुष्यात एकच सिंथ उघडलाय त्याचंही मत एक आणि ज्यानं वीस उघडलेत त्याचंही एकच. त्यामुळे जास्त ओळखीचा सिंथ वर जातो. विक्रीच्या यादीवर सवलतीचा परिणाम मोठा असतो. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेला सत्तर-ऐंशी टक्के किंमत उतरली की एखादा सिंथ आठवड्यात वर चढतो आणि सवलत संपली की तितक्याच लवकर खाली येतो.

यादी कोणत्या लोकांनी केली तेही बघ. ट्रान्स प्रकारचं नाचाचं संगीत करणाऱ्यांना विचारलंस तर सायलेंथ आणि स्पायर वर येतील. 2010 च्या आसपास डबस्टेपवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा मॅसिव्ह सांगितला असता, कारण तेव्हाचे गुरगुरणारे बेस बहुतेक त्यावरच होत. चित्रपटांचं पार्श्वसंगीत करणारे ऑम्निस्फिअर किंवा झेब्रा म्हणतील. हान्स झिमर यांच्या कामात झेब्रा खूप आहे. या सगळ्यांची मतं एका पातेल्यात टाकून जो क्रम निघतो, तो तुझ्या कामाचा असेलच असं नाही.

तरीही सिरम वर का, याला खरं कारण आहे. स्टीव्ह ड्यूडा यांनी तो 2014 मध्ये आणला तेव्हा त्यात आवाज डोळ्यांना दिसत होता. वेव्हटेबल (लहरींच्या आकारांचा संच) हलताना दिसतं, एलएफओचा (आवाज संथपणे हलवणाऱ्या लहरीचा) आकार माउसनं काढता येतो, तो उचलून फिल्टरच्या (आवाजाचा काही भाग गाळणाऱ्या भागाच्या) बटणावर सोडला की जोडणी झाली. शिकणाऱ्याला हे फार सोपं जातं. मग शिकवण्या निघाल्या, प्रीसेटच्या (तयार आवाजांच्या) बँका निघाल्या, आणि त्या आहेत म्हणून आणखी लोक आले. म्हणजे वरचा क्रमांक तुला एवढंच सांगतो की अडलास तर मदत भरपूर मिळेल. नवशिक्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण आवाज चांगला की वाईट, हे त्यावरून कळत नाही. एक सिंथ पक्का हातात येईपर्यंत दुसरा शिकू नकोस. तो एक सिरमच असला पाहिजे असं मात्र नाही.

प्रश्न: सिरम 2 घ्यायचाय, पण पैसे नाहीत. मित्र म्हणतो क्रॅक (फुकटची चोरटी प्रत) टाक, कोण बघतंय? फुकटात तसाच आवाज देणारं काही आहे का? (सात रस्ता)

क्रॅक टाकू नका. फुकटच्या फाइलबरोबर लॅपटॉपमध्ये काय शिरतं ते कुणी सांगत नाही, आणि एकट्या-दुकट्यानं वर्षानुवर्षं राबून केलेल्या कामाचे पैसे बुडवायचे आणि स्वतःच्या ट्रॅकला मात्र पैसे मिळावेत म्हणायचं, हे मला पटत नाही. गरजही नाही.

मॅट टायटेल यांचा व्हायटल 2020 च्या नोव्हेंबरात आला. त्याच्या फुकटच्या आवृत्तीत इंजिन पूर्ण आहे. पैसे भरणाऱ्यांना प्रीसेट आणि वेव्हटेबल जास्त मिळतात, एवढाच मुख्य फरक. तीन वेव्हटेबल ऑसिलेटर (लहर काढणारे भाग), एक सॅम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा भाग), दोन फिल्टर, आणि सिरमसारखंच सगळं डोळ्यांसमोर हलतं. दुसरा सर्ज एक्सटी. हा पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोत आहे, लिनक्सवरही चालतो. दिसायला व्हायटलइतका देखणा नाही, पण आत फार खोल आहे.

सिरम 2 ची मूळ किंमत 249 डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वरच. ती एकदम भरायची नसेल तर दरमहा हप्त्यानं घेऊन शेवटी मालकीचा करून घेण्याची सोयही आहे. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो: ज्यांनी 2014 मध्ये पहिला सिरम घेतला, त्यांना 2025 मध्ये सिरम 2 फुकट मिळाला. विकत घेतलेल्या माणसाची अशी कदर या धंद्यात फार कमी जण करतात. पुढे कमाई सुरू झाली की जरूर घ्या. आज व्हायटल उतरवा.

प्रश्न: मी अशोक चौकाजवळ राहतो. दिवसा लूमवर असतो, लग्नसराईत आणि गणपतीत बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, रोलँड एक्सपीएस-10. आता लॅपटॉपवर स्वतःचं काही करायचंय. बेंजोचा आणि हलगीचा आवाज सिंथमधून निघतो का? कुठल्याच यादीत याबद्दल काही नसतं.

नसणारच. याद्या करणाऱ्यांनी बेंजो ऐकलेला नसतो. या महिन्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कान लावून बेंजो ऐका. नखी तारेवर पडते तेव्हा पहिल्या क्षणाला एक कोरडा 'टक्' येतो. त्यात सूर नसतो, नुसता खरखरीत आवाज असतो. मग धातूच्या तारेचा झणझणीत सूर, जो लवकर बारीक होतो. सुराच्या तारा जोडीनं असतात आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या नसतात, त्यामुळे आवाजात किंचित थरथर येते. बटण दाबलं की तार ताणली जाते, म्हणून सूर सुरुवातीला जरा वरून येऊन जागेवर बसतो. या चार गोष्टी सिंथमध्ये उभ्या केल्या की झालं.

व्हायटलमध्ये तिन्ही ऑसिलेटर बंद करा. सॅम्पलर चालू करा. त्यात पांढरा नॉइज (नुसती सूर नसलेली खरखर) आधीच असतो. त्याच्या आवाजाला एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो तो आराखडा) लावा: अटॅक (चढण) शून्य, सस्टेन (टिकणं) शून्य, डिके (उतरण) वीसेक मिलिसेकंद. आता की दाबली तर फक्त 'टक्' ऐकू येईल. तो फिल्टरमध्ये सोडा, फिल्टरचा प्रकार कोंब (comb) निवडा, की-ट्रॅक (कीप्रमाणे फिल्टरचा सूर बदलणं) पूर्ण वाढवा आणि रेझोनन्स चढवत न्या. त्या 'टक्'मधून तार बोलायला लागेल. मुख्य एन्व्हलपचा रिलीज (की सोडल्यावर आवाज विरण्याचा वेळ) थोडा लांब ठेवा, नाहीतर की सोडताच सूर तुटतो. कोंब फिल्टर आलेला आवाज अगदी थोडा उशीर करून पुन्हा स्वतःतच मिसळतो आणि त्या उशिराच्या लांबीवर सूर ठरतो. केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी 1983 मध्ये मांडलेली छेडलेल्या तारेची रीत हीच. दुसरा फिल्टरही तसाच लावून पाच-सात सेंटनी (सेंट म्हणजे शेजारच्या दोन कींमधल्या अंतराचा शंभरावा भाग) बेसूर करा, की जोडतार आली. फिल्टरच्या सुराला छोटा एन्व्हलप देऊन सुरुवात किंचित वरून आणा. शेवटी थोडा डिस्टॉर्शन, कारण आपल्याकडे बेंजो भोंग्यातूनच कानावर पडलेला असतो आणि तो करकरीतपणा नसेल तर कुणाला बेंजो वाटणार नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर सर्ज एक्सटीमध्ये तारेचा ऑसिलेटर तयारच आहे. त्याचं नावच स्ट्रिंग. त्यात ती जोडतारही आहे.

हलगी वेगळी. तिचा उंच कडकडाट नॉइजवर बँडपास (मधलाच पट्टा जाऊ देणारा) फिल्टर लावून मिळतो आणि खालचा घुमारा साध्या साइन लहरीचा सूर झटकन खाली आणून. पण मिरवणुकीत हलगीवाला दोन काड्यांनी जे बोल काढतो, त्यात प्रत्येक घाव निराळा असतो. सिंथमधून निघालेले सगळे घाव सारखेच वाजतात. व्हेलॉसिटीला (घावाच्या जोराला) फिल्टरचा कटऑफ (गाळण्याची सीमा) जोडा, प्रत्येक घावाला सुरात बारीकसा फरक द्या, तरी जवळपासच पोचाल. हलगी मोबाइलवर का होईना, पण खरी रेकॉर्ड करा आणि सिंथचा घुमारा तिच्या खाली ठेवा. बेंजो मात्र घरी लूमच्या खडखडाटातही करता येईल. सिंथला माइक लागत नाही.

प्रश्न: डिव्हा हा सिंथ लावला की लॅपटॉप अडखळतो, आवाज तुटतो. आठ जीबी रॅम आहे, सोळा करू का? (होटगी रोड)

रॅमनं फारसा फरक पडणार नाही. डिव्हा सॅम्पल वाजवत नाही, जुन्या ॲनालॉग सर्किटचं गणित दर क्षणाला नव्यानं करतो. भार प्रोसेसरवर येतो. 2011 मध्ये तो आला तेव्हापासून त्याची ख्याती दोन्ही आहे, आवाजाची आणि भाराचीही. त्यात ॲक्युरसीचा (अचूकतेचा) पर्याय आहे. काम करताना तो ड्राफ्टवर ठेवा, शेवटी ट्रॅक काढताना डिव्हाइनवर न्या.

बाकी सिंथमध्ये युनिसन (एकाच सुराच्या एकदम वाजणाऱ्या प्रती) बघा. चार सुरांचा कॉर्ड, दोन ऑसिलेटर, प्रत्येकाला सोळा युनिसन म्हणजे एका वेळी 128 ऑसिलेटर चालू झाले. रिलीज लांब असेल तर मागचा कॉर्ड संपण्याआधी पुढचा सुरू होतो आणि आकडा दुप्पट होतो. युनिसन पाचवर आणा, चाळीस उरतात. कानाला फरक फारसा कळत नाही आणि मिक्समध्ये आवाज उलट नीट बसतो. बफर (आवाज बाहेर जाण्याआधीचा साठा) 512 सॅम्पल ठेवलात तर सेकंदाला 44100 सॅम्पलच्या दरानं साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर होतो, प्रोग्रॅमिंगला तो चालतो. हातानं वाजवून रेकॉर्ड करताना 256 वर या. एक ट्रॅक पक्का झाला की त्याचा ऑडिओ करून टाका.

आणि एप्रिल-मेमध्ये हे जास्त होत असेल तर नवल नाही. बाहेर 43 अंश असताना लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. गादीवर, उशीवर ठेवू नका, खालून हवा खेळू द्या. आपल्याकडे मी जड काम सकाळीच उरकायला सांगतो.

प्रश्न: आमचा मुलगा बारावीला आहे. ऑम्निस्फिअर घेऊन द्या म्हणून मागे लागलाय. किंमत चाळीस हजारांच्या पुढे जाते. यादीत तो वर आहे, व्यावसायिक लोक तोच वापरतात म्हणतो. घ्यावा का? (एक पालक, अक्कलकोट रोड)

आत्ता घेऊ नका. वाद्य उत्तमच आहे. ते करणारे एरिक पर्सिंग आधी रोलँडमध्ये आवाज घडवत. 1987 चा गाजलेला डी-50 त्यांच्याच आवाजांनी ओळखला जातो. पण ऑम्निस्फिअरचा आवाजांचा साठाच साठ जीबीच्या वर आहे, आणि त्याचं खरं सामर्थ्य तयार आवाजांत आहे. उद्या सकाळी चित्रपटाच्या प्रसंगाला संगीत द्यायचं असेल तर तयार आवाज लागतात. शिकणारा मुलगा त्या हजारो आवाजांत फिरत राहतो आणि आवाज कसा होतो ते शिकायचं राहून जातं. त्यातल्या थोड्या पैशांत चांगला हेडफोन आणि लॅपटॉपला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड घेऊन द्या. मुलाला 'नाही' म्हणू नका, 'आधी व्हायटलवर स्वतः केलेले दहा आवाज ऐकव' म्हणा. त्याची आवड खरी असेल तर तो महिनाभरात ऐकवेल.

प्रश्न: मला जुन्या सिंथचेच आवाज आवडतात. यादीत नसलेल्या वाद्यावर वेळ घालवणं चूक आहे का? (विजापूर रोड)

मुळीच नाही. रोलँडनं 1981 मध्ये टीबी-303 हे बेसचं यंत्र आणलं ते एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. ते चाललं नाही. 1984 मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात जाऊ लागलं. त्या काळात लोकप्रियतेची यादी केली असती तर ते तळाला असतं. पण मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच ते टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथ यांच्याबरोबर घेऊन त्यावर राग बसवले होते. काही वर्षांनी शिकागोतल्या मुलांनी त्याच 303 ची बटणं पिळून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला, तेव्हा जगानं कान टवकारले.

उलट उदाहरण यामाहा डीएक्स7 चं. 1983 मध्ये आला आणि तुफान खपला. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डला शोधलेलं एफएम (एका लहरीनं दुसरीला हलवून आवाज घडवण्याची रीत) त्यात होतं. सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग), 32 अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या तऱ्हा), आणि सगळं एका छोट्या पडद्यावरून हाताळायचं. त्यामुळे बहुतेकांनी कंपनीचे आवाज जसेच्या तसे वाजवले आणि त्या दशकातली गाणी त्याच इलेक्ट्रिक पियानोनं भरली. डेक्स्ड नावाचा फुकटचा सिंथ त्याच घडणीचा आहे, जुन्या डीएक्स7 च्या आवाजांच्या फाइलीही उघडतो. त्यात सहा ऑपरेटर एकाच वेळी दिसतात. दोनच ऑपरेटर घेऊन सुरुवात करा.

प्रश्न: मी शास्त्रीय गाणं शिकते, पट्टी काळी चार. व्हायटलवर तानपुऱ्यासारखा ड्रोन लावून त्यावर सिंथचे सूर वाजवले की गंधार चढा वाटतो. माझा कान चुकतोय की सिंथ? (एक विद्यार्थिनी)

तुझा कान बरोबर आहे. कीबोर्डचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले असतात, त्यात शुद्ध गंधार सा पासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार 386 वर असतो. चौदा सेंटचा फरक, आणि ड्रोन चालू असताना तो झोंबतो. शुद्ध धैवतातही तसाच, सोळा सेंटचा. पंचम मात्र दोनच सेंटनी हलतो, म्हणून तो खटकत नाही.

यावर उपाय आहे, फक्त कुठल्याही क्रमवारीत त्याला गुण मिळत नाहीत. व्हायटल आणि सर्ज एक्सटी दोन्हींत स्काला नावाच्या प्रकारातली सुरांची फाइल उघडता येते. ती साधी मजकुराची फाइल असते, तू स्वतःही लिहू शकतेस: एकेका ओळीत एकेक सूर, गंधारासाठी 5/4, पंचमासाठी 3/2, शुद्ध धैवतासाठी 5/3. एरवी ही फाइल पांढरी एकला सा धरते. तुझा सा काळी चारला आहे, तेव्हा सोबत की-मॅपिंगची फाइलही जोडावी लागेल. ती जोडली नाहीस तर गंधार भलत्याच कीवर जाऊन बसेल. सर्जमध्ये ट्यूनिंगचं संपादन समोरच उघडतं, म्हणून सुरुवात तिथे कर. गुरूंसमोर बसून एकेक सूर तानपुऱ्याशी ताडून बघ आणि कोमल रिषभ ज्या रागात जितका खाली हवा तितका त्यांच्याकडून ऐकून त्या रागाची वेगळी फाइल ठेव.